बारा वाजून बत्तीस मिनिटं

ही वेळ कुठल्याही दप्तरात नोंदलेली नाही. ती मी बेरीज करून काढली आहे. ब्रिटिश वैमानिक एमी जॉन्सननं नोव्हेंबर 1932 मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या लिम विमानतळापासून केप टाउनपर्यंतचं अंतर 4 दिवस, 6 तास आणि 54 मिनिटांत एकटीनं कापलं. पाच महिन्यांनी त्याच लिमहून बिल लँकेस्टर निघाला. तारीख 11 एप्रिल 1933, वेळ पहाटे 5 वाजून 38 मिनिटं. त्यात एमीचे तास मिळवले की 15 एप्रिलची दुपार येते, 12 वाजून 32 मिनिटं. त्याआधी केप टाउनला चाकं टेकली तर विक्रम, नाहीतर एक लांबचा प्रवास, ज्याची बातमी कोणी छापणार नाही.

विल्यम न्यूटन लँकेस्टर तेव्हा 35 वर्षांचा होता. ब्रिटिश हवाई दलात त्याची काही वर्षं हिंदुस्थानात गेली होती. त्याच्याबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे, कारण त्याच्या आयुष्यात प्रेम, खून आणि कोर्टकचेरी सगळंच होतं. मला मात्र त्याच्या विमानाची गोष्टही तितक्याच बारकाईनं सांगायची आहे. या उड्डाणाच्या दुसऱ्या रात्री सहारात नेमकं काय घडलं, याचा निम्मा उलगडा विमानातच आहे.

सात वर्षं आधी

एव्हरो कंपनीचा आराखडाकार रॉय चॅडविक यानं 1926 मध्ये हलक्या विमानांच्या एका स्पर्धेसाठी एव्हियन काढलं. स्पर्धा भरली होती लिमलाच. लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, कापडावर ते ताठ करणाऱ्या डोप नावाच्या रोगणाचे थर, एकावर एक असे दोन पंख आणि एकामागे एक अशा दोन उघड्या बैठका. पुढे धातूच्या नळ्यांचा सांगाडाही आला. (दुसऱ्या महायुद्धातलं लँकेस्टर हे अजस्र बॉम्बफेकी विमान याच चॅडविकचं. आपल्या गोष्टीतल्या लँकेस्टरशी त्याचा संबंध नाही, नाव तेवढं एक.)

हे फ्लाइंग क्लबांचं विमान होतं. नवशिक्यानं धडे घ्यावेत, परवाना मिळाला की रविवारी गावावरून चक्कर मारावी, चुकून आपटत उतरला तर गावच्या सुताराला दुरुस्ती जमावी, अशा बेतानं ते बांधलेलं. आपल्याकडे जुहूच्या फ्लाइंग क्लबात याच पिढीची मॉथ विमानं होती. जे. आर. डी. टाटा तिथेच शिकले आणि फेब्रुवारी 1929 मध्ये त्यांना परवाना मिळाला. दोन पंखांमुळे असं विमान कमी वेगातही तरंगतं आणि शिकणाऱ्याच्या चुका पोटात घालतं. पण दोन पंख, त्यांमधले खांब आणि आडव्यातिडव्या तारा हे सगळं वाऱ्याला अडतं, म्हणून वेगाला मर्यादा येते. ही मर्यादा लक्षात ठेवायला हवी.

अशा शिकाऊ जातीच्या विमानातून माणसं खंड ओलांडू लागली. लँकेस्टर त्यांतला एक. ऑक्टोबर 1927 मध्ये तो रेड रोझ नावाचं एव्हियन घेऊन क्रॉयडनहून ऑस्ट्रेलियाला निघाला. सोबत जेसी मिलर होती. तिला सगळे चबी म्हणत. प्रवासाचे निम्मे पैसे तिनं जमवले होते आणि ती वाटेतच विमान चालवायला शिकत होती. कराची, अलाहाबाद, कलकत्ता करत ते पुढे गेले. रंगूनच्या पुढे विमानात साप निघाला, तो चबीनं बैठकीतली नियंत्रणाची दांडी उपसून ठेचला. जानेवारीत सुमात्राजवळ मुंटोकला विमान आपटलं आणि दुरुस्तीत आठवडेच्या आठवडे गेले. तेवढ्यात बर्ट हिंकलर दुसऱ्या एका एव्हियनमधून एकटाच मागून आला आणि 22 फेब्रुवारी 1928 ला, साडेपंधरा दिवसांत, डार्विनला उतरला. लँकेस्टर आणि चबी पोहोचले 19 मार्चला. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला विमानानं गेलेली पहिली स्त्री हा मान चबीला मिळाला. लँकेस्टरच्या वाट्याला काही उरलं नाही. घड्याळ हिंकलरनं जिंकलं होतं.

दीड वर्ष आधी

सदर्न क्रॉस मायनर, नोंदणी जी-एबीएलके. एव्हियनच्या पाचव्या आवृत्तीतलं हे विमान चार्ल्स किंग्जफर्ड स्मिथ या ऑस्ट्रेलियन वैमानिकासाठी 1931 मध्ये तयार झालं. मूळ दोन माणसांचा हा घाट त्याच्यासाठी एकट्याचा केला आणि वाचलेली जागा पेट्रोलच्या टाक्यांना दिली. म्हणजे शिकवणाऱ्याचं नाहीतर शिकणाऱ्याचं आसन गेलं आणि तिथे इंधन आलं. पल्ला वाढला. वेग फारसा वाढला नाही.

त्या सप्टेंबरात किंग्जफर्ड स्मिथ हे विमान घेऊन ऑस्ट्रेलियाहून इंग्लंडला निघाला. वाटेत तो आजारी पडला, तुर्कस्तानात त्याला अडवून ठेवलं, आणि 7 ऑक्टोबरला तो पोहोचला तेव्हा विक्रम हातचा गेला होता. म्हणजे या विमानाची पहिली मोठी कामगिरीसुद्धा घड्याळाशी झुंज होती आणि तीत ते हरलं होतं. विमानाचा दोष त्यात काही नव्हता. अर्धी पृथ्वी ओलांडून ते सुखरूप उतरलं होतं. नंतर ते विक्रीला निघालं.

एक वर्ष आधी

20 एप्रिल 1932 ची रात्र, मायामी. हेडन क्लार्क नावाचा एक तरुण लेखक चबीचं आत्मचरित्र लिहीत होता. लिहिता लिहिता दोघं प्रेमात पडले आणि लग्न करायचं ठरवून बसले. कामासाठी दूर गेलेल्या लँकेस्टरला हे कळलं, तो परतला. वाटेत त्यानं पिस्तूल विकत घेतलं होतं. त्या रात्री क्लार्क आणि लँकेस्टर एकाच खोलीत झोपले. उत्तररात्री गोळी सुटली. क्लार्क गेला. आत्महत्येच्या दोन चिठ्ठ्या सापडल्या, पण त्या आपण टाइप केल्या, त्याची सही आपण ठोकली, हे लँकेस्टरनं पुढे कबूल केलं. गोळी मात्र मी झाडली नाही, असं तो शेवटपर्यंत सांगत राहिला. ऑगस्टमध्ये ज्यूरीनं त्याला निर्दोष सोडलं.

सुटला, पण काम मिळेना. नाव वर काढायचा त्याला दिसणारा एकच रस्ता होता: एमी जॉन्सनचा विक्रम मोडायचा. मुलासाठी वडिलांनी पैसे घातले आणि सदर्न क्रॉस मायनर विकत घेतलं.

आता तो वेगाचा मुद्दा. एमीनं वापरलं होतं पस मॉथ. एकच पंख, वर बंद केबिन, काच लावलेली. आपल्या ओळखीचं विमान आहे हे. 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टपालाची पोती घेऊन कराचीहून जुहूला उतरले ते पस मॉथमधूनच. हे विमान उघड्या, दुहेरी पंखांच्या एव्हियनपेक्षा वेगवान होतं. मग मंद विमानानं वेगवान विमानाचा विक्रम मोडायचा कसा? हवेत ते शक्य नव्हतं, जमिनीवर होतं. एमी जिथे थांबली तिथे कमी थांबायचं, ती जेवढी झोपली तेवढंही झोपायचं नाही. विमानाला न जमणारा वेग माणसाच्या झोपेतून काढायचा. योजनेचं सार एवढंच होतं, आणि माझ्या मते अपघात तिथेच ठरला. इंजिन नंतर बंद पडलं.

11 एप्रिल, पहाटे 5:38. अपघाताला 38 तास 37 मिनिटं

आई-वडील निरोपाला आले होते. आईनं वाटेत खायला बरोबर दिलं. टाक्या काठोकाठ भरलेल्या. ओरान, रेग्गान, सहारा ओलांडून नायजर नदीवरचं गाओ, तिथून आफ्रिकेच्या पश्चिम कडेनं केप टाउन, असा बेत. एमीनंही हीच पश्चिमेची वाट घेतली होती. हे विमान सहारा प्रथमच पाहणार होतं.

11 एप्रिल, रात्री 9. अपघाताला 23 तास 15 मिनिटं

ओरान, अल्जीरियाचा किनारा. दिवसभर समोरचा वारा. उघड्या विमानाला तो दुहेरी छळतो: विमान मागे रेटलं जातं आणि वैमानिकाच्या तोंडावर दिवसभर मारा होतो. बार्सिलोनाला पेट्रोलसाठी उतरावं लागलं. ओरानलाच तो ठरल्या वेळेच्या मागे होता.

सहारा ओलांडणाऱ्या वैमानिकाकडून फ्रेंच अधिकारी हमीची रक्कम मागत. कोणी हरवला तर शोधायचा खर्च त्यातून निघे. लँकेस्टरकडे तेवढे पैसे नव्हते. मी माझ्या जबाबदारीवर जातो, असं म्हणून तो निघाला.

12 एप्रिल, पहाट

अंधारात ओरान सोडलं. झोप जवळपास नाहीच. खाली मोटारींच्या चाकोऱ्यांनी उमटलेला सहारापार जाणारा रस्ता. दिवसा, स्वच्छ हवेत, तो वरून दिसतो. पण वाळू उठली, रस्ता पुसला गेला, वाट चुकली. उतरून आपण कुठे आहोत ते विचारावं लागलं. हवेत वाचवलेली मिनिटं अशा वेळी तासांच्या हिशेबानं जातात.

रेग्गानला पोहोचला तेव्हा तो दहा तास मागे पडला होता आणि सुमारे तीस तास जागा होता. विमान ठणठणीत होतं. माणूस धड उभा राहू शकत नव्हता.

12 एप्रिल, संध्याकाळी 6:30. अपघाताला 1 तास 45 मिनिटं

या क्षणापाशी मी पुन्हा पुन्हा येतो.

रेग्गानच्या पुढे तानेझरूफ्त. सहारातला सर्वांत निर्जल भाग. पाणी नाही, झाड नाही, डोंगर नाही, सपाट खडकाळ वाळू क्षितिजापर्यंत. नायजरकाठचं गाओ तिथून बाराशे-तेराशे किलोमीटर. सूर्य बुडायला आलेला. विमानातल्या होकायंत्रावर दिवा नव्हता.

दिवा का नव्हता? कारण या जातीच्या विमानाला रात्रीचं काम नव्हतं. शिकाऊ वैमानिक उजेडात उडतात. सूर्यास्ताला विमान हँगरमध्ये जातं. ज्यानं हे विमान आखलं त्यानं वाळवंटातल्या काळोखाचा विचार करायचं कारण नव्हतं.

रेग्गानच्या ठाण्यावरच्या माणसांनी त्याला थांबवायचा प्रयत्न केला. रात्रभर झोप, सकाळी जा. तो ऐकेना. घड्याळात उरलेले तास त्याला दिसत होते. ठाण्याच्या प्रमुखानं शेवटी एक विजेरी आणि काडेपेटी त्याच्या हातात दिली: होकायंत्र बघायला विजेरी, आणि कुठे उतरावं लागलंच तर जाळ करायला काड्या. गाओहून खबर आली नाही तर मागून गाडी पाठवतो, असंही सांगितलं. परक्या, हट्टी माणसासाठी त्या ठाणेदारानं जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं. त्याचं नाव लोक विसरले, पण या सगळ्या घटनाक्रमात शहाणा माणूस मला तोच वाटतो.

एका हातात दांडी, दुसऱ्या हातात विजेरी. वर आकाश, खाली जमीन, दोन्ही काळी. दीड दिवसाचा जागा माणूस. अशा वेळी एखादा अंश चुकला तरी तासाभरात रस्त्यापासून किती दूर जाऊ, हा हिशेब करायलाही ताजं डोकं लागतं.

12 एप्रिल, रात्री 8:15

इंजिन अडखळू लागलं. मग थांबलं. वाळवंटातली बारीक धूळ आत गेली असेल, असा अंदाज करता येतो, पण तो अंदाजच. उजेड असता तर कदाचित काहीच बिघडलं नसतं. एव्हियन इंजिनाशिवाय अलगद उतरू शकतं आणि तानेझरूफ्तची सपाट जमीन म्हणजे न संपणारी धावपट्टीच. क्लबातल्या शिकाऊ पोरालाही बंद इंजिनानं उतरणं पहिल्या काही धड्यांत शिकवतात. पण त्यासाठी जमीन कुठे सुरू होते ते दिसावं लागतं. ते दिसलं नाही. विमान आपटलं आणि उलटं झालं.

रेग्गानपासून सुमारे 270 किलोमीटर. मोटारींचा रस्ता बऱ्याच अंतरावर राहून गेलेला.

शुद्ध आली तेव्हा तो उलटा अडकलेला होता. कपाळावर आणि नाकावर खोल जखमा, डोळ्यांवर रक्त साकळलेलं. त्याला वाटलं आपण आंधळे झालो. पण पेट्रोल पेटलं नव्हतं, हाडं मोडली नव्हती. मोडक्या अवस्थेतही त्या सांगाड्यानं आपल्या माणसाला जिवंत ठेवलं होतं.

पाणी होतं दोन गॅलन, नऊ लिटर.

13 एप्रिल आणि पुढे

इथून घड्याळ बदललं. आता तासांचा हिशेब पाण्याच्या घोटात होता. नऊ लिटर सात दिवस पुरवायचं म्हणजे दिवसाला सव्वा लिटर. तिथल्या एप्रिलच्या उन्हात सावलीत नुसतं पडून राहिलेल्या माणसाच्या अंगातून याच्या कितीतरी पट पाणी जातं.

चालत निघायचं नाही, विमान सोडायचं नाही, असं त्यानं ठरवलं. ते बरोबरच होतं. वाळवंटात माणूस वरून दिसत नाही, विमान दिसतं. पंखाच्या सावलीत तो पडून राही आणि उड्डाणाच्या नोंदवहीत लिहून काढी. पाणी किती उरलं, जखमा कशा आहेत, रात्री थंडी किती. चबीला, आईला. आणि अंधार पडला की पंखाच्या कापडाची पट्टी फाडायची, पेट्रोलात बुडवायची, काडी लावायची. डोप चढवलेलं कापड भडकन पेटतं. ठाणेदारानं दिलेल्या काड्या होत्या. विमान स्वतःची कातडी जाळून हाका मारत होतं, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

ठाणेदारानं शब्द पाळला, गाडी निघाली. पण ती रस्त्यानं गेली आणि विमान रस्त्यावर नव्हतं.

15 एप्रिल, दुपारी 12:32

एमी जॉन्सनचे तास इथे संपले. विक्रम तिच्याकडेच राहिला. त्या मिनिटाला लँकेस्टर कुठल्या कुशीवर पडला होता, जागा होता की ग्लानीत, सांगता येत नाही. एवढं नक्की, की डोक्यावर ऊन होतं आणि पाणी मोजून प्यायचं होतं. ज्या क्षणासाठी त्यानं आपली झोप दिली, तो आला आणि गेला. दुसऱ्या दिवशी ईस्टरचा रविवार होता.

20 एप्रिल

आठवा दिवस. पाणी संपलेलं. वहीची पानं झाल्यावर पेट्रोलच्या एका कार्डावर त्यानं शेवटचा मजकूर लिहिला.  आठवा दिवस उजाडला, पाणी नाही, धीरानं वाट पाहतो आहे, लवकर या, असा त्याचा आशय होता. वही त्यानं विमानाच्या कापडात गुंडाळली आणि पंखाच्या खांबाला बांधली. मायामीच्या रात्रीला त्या दिवशी वर्ष झालं.

आठवड्यानं, 27 एप्रिलला, इटलीतल्या डोंगरात बर्ट हिंकलरचा मृतदेह सापडला. पाच वर्षांपूर्वी लँकेस्टरला मागे टाकून जाणारा हिंकलर 7 जानेवारीला इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला निघाला होता, तो पस मॉथमधून. तोही बेपत्ता झाला होता.

12 फेब्रुवारी 1962

28 वर्षं आणि जवळपास दहा महिने. तानेझरूफ्तमध्ये पाऊस नसल्यासारखाच, म्हणून लाकूड कुजत नाही, लोखंड गंजत नाही. रेग्गान एव्हाना वेगळ्याच कारणानं जगाला ठाऊक झालं होतं: फ्रान्सनं आपला पहिला अणुस्फोट फेब्रुवारी 1960 मध्ये तिथेच केला. अल्जीरिया स्वतंत्र व्हायला पाच महिने उरले असताना फ्रेंच सैन्याच्या एका गस्ती तुकडीला उलटं पडलेलं एक लहान विमान दिसलं. कापड बहुतेक गेलेलं, सांगाडा उरलेला. शेजारी वाळलेला देह. खांबाला ते गाठोडं जसंच्या तसं.

वही वाचता येत होती. ती चबीकडे पोहोचली. मायामीच्या रात्रीचा कबुलीजबाब त्यात असेल म्हणून अनेकांनी पानं चाळली. तसं काही नव्हतं. चबीनं ती छापायला दिली.

1975 मध्ये एका मोहिमेनं सदर्न क्रॉस मायनरचे अवशेष वाळूतून उचलले. आज ते ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या क्वीन्सलंड संग्रहालयाकडे आहेत: गंज नसलेल्या नळ्या, वाकलेले जोड, कापड नाही. हिंकलरनं 1928 मध्ये साडेपंधरा दिवसांत डार्विनला आणलेलं एव्हियनही याच संग्रहालयात आहे, अखंड, पंखांवर कापड ताणलेलं.